रिश्टरचा शूबर्ट : खोली की नुसताच खोळंबा?

वजाबाकी

गेले दोन आठवडे एकाच रेकॉर्डिंगनं डोकं उठवलंय, म्हणून हा धागा. व्हिएन्नाचा संगीतकार शूबर्ट, त्याची शेवटची पियानो सोनाटा, बी फ्लॅट मेजरमधली (म्हणजे बी फ्लॅटला घर मानणाऱ्या सप्तकातली), डी ९६० (डी म्हणजे त्याच्या रचनांच्या सूचीतला क्रमांक). वादक सोव्हिएत पियानिस्ट स्वियातोस्लाव रिश्टर, रेकॉर्डिंग १९७२ चं. पहिली मूव्हमेंट, म्हणजे पहिला खंड, २४ मिनिटांच्या वर जाते. चारपैकी फक्त पहिली.

मी ही सोनाटा पियानोवादक आल्फ्रेड ब्रेंडेलच्या हातून ऐकत मोठा झालो. त्याच्याकडे ती चालते. संध्याकाळी हात मागे बांधून कुणी फिरायला निघावं तशी. रिश्टरकडे तोच माणूस दर चार पावलांवर उभा राहतो आणि आपण निघालो कशाला होतो याचा विचार करतो. सुरुवातीची धून किती साधी आहे! सूर बहुतेक वेळा शेजारच्याच पायरीवर जातो. अशी धून एका श्वासात म्हणता आली पाहिजे. या लयीत वाक्याचं क्रियापद येईपर्यंत कर्ता विसरायला होतो.

मग नोटेशन उघडून बसलो. शूबर्टनं वर लिहिलंय 'मोल्टो मोडेराटो', म्हणजे अगदी मध्यम. अडाजिओ नाही, लेंटोही नाही (दोन्ही म्हणजे संथ). शिवाय दुसरी मूव्हमेंट आहेच की संथ, 'अँदांते सोस्तेनूतो'. पहिलीच एवढी रेंगाळली तर दुसरीच्या वाट्याला वेगळं काय उरलं?

रिश्टर थोर वादक होता याबद्दल वाद नाही. हीच लय का, एवढंच विचारतोय. ज्यांना हे रेकॉर्डिंग आवडतं त्यांना नेमकं काय ऐकू येतं ते सांगा. 'तुला कळलं नाही' हे उत्तर नको, ते घरी मिळतं.

झोपाळू घुबड

धागा वाचतोय. रेकॉर्डिंग लावलंय, पहिली मूव्हमेंट संपली की प्रतिसाद देतो.

डावा हात

वजाबाकी, तुम्ही धुनेबद्दल लिहिलंत आणि धुनेखाली काय होतं ते गाळलंत. आठवा बार (चार मात्रांचा एक खण) बघा. धून आपली शांतपणे येऊन अर्ध्या वाटेवर टेकते आणि पियानोच्या पार खालच्या अंगाला, जी फ्लॅटवर, एक ट्रिल, म्हणजे दोन शेजारच्या सुरांचा भरभर कंप, वाजतो. पियानिसिमो, अगदी हळू आवाजात. त्यानंतर विश्रांती आणि तिच्यावर फर्माटा, म्हणजे हवं तितकं थांबायचं चिन्ह. मग धून जणू काही झालंच नाही अशी पुन्हा सुरू होते.

आता हा जी फ्लॅट बी फ्लॅट मेजरच्या सप्तकात बसत नाही. परका स्वर आहे. घरात सगळे बोलत बसलेत आणि तळघरात काहीतरी सरकल्याचा आवाज आला, सगळे क्षणभर गप्प झाले आणि मग कुणीतरी मुद्दाम मघाचाच विषय पुढे नेला, असा तो प्रसंग आहे. भरभर वाजवणाऱ्यांकडे तो ट्रिल नक्षीसारखा येतो आणि जातो. रिश्टरकडे सुटा सुटा, जवळजवळ मोजता येईल असा घुमतो, आणि पुढची शांतता इतकी लांबते की आपण कान टवकारतो. लय संथ आहे ती या शांततेसाठी. आजूबाजूचं सगळं धावत असेल तर मध्येच थांबणं म्हणजे ब्रेक मारल्यासारखं वाटतं. आधीच संथ असलेलं थांबलं तर ते थांबलं हेच उशिरा कळतं.

आणि हा ट्रिल दाखवण्यापुरता नाही. थोडं पुढे गेलात की धून चक्क जी फ्लॅट मेजरमध्ये येते. म्हणजे तळघरातल्या त्या स्वरानं घराचा ताबाच घेतलेला असतो. रिश्टर पहिल्या ट्रिलला जितका वेळ देतो तितकं हे नंतर पटतं.

अर्धविराम

डावा हात, प्रतिसाद आवडला, तळघर तर फारच. पण ट्रिलला वेळ द्यायचा म्हणून आधीचे सात बार का ताटकळत ठेवायचे? फर्माटा लिहिलेलाच आहे, थांबायची मुभा शूबर्टनं तिथं दिलीय. तीच मुभा सगळीकडे घेतली तर फर्माट्याचं वेगळेपण काय राहिलं? वजाबाकींनी दुसऱ्या मूव्हमेंटबद्दल जे विचारलंय तेच मी आठव्या बारबद्दल विचारतोय.

कुंदाकुसुम

मी इस्त्री करताना ऐकलं. त्या पहिल्या शांततेत इअरफोनचं ब्लूटूथ तुटलं असं समजून ते काढले, पुसले, पुन्हा घातले. दुसऱ्या वेळीही तेच केलं. शर्टाच्या कॉलरवर इस्त्रीची खूण उमटली आहे. हा माझा रिश्टरविषयीचा अभिप्राय समजावा.

सदू सुस्त

संगीतकार शुमननं याच सोनाटेला 'स्वर्गीय लांबी' म्हटलंय ना? मग २४ मिनिटांची तक्रार कशाला? स्वर्गात घड्याळ नसतं.

तळटीप

सदूभाऊ, ते शुमननं शूबर्टच्या मोठ्या सी मेजर सिंफनीबद्दल लिहिलं होतं, या सोनाटेबद्दल नाही. शुमनचा इथं संबंध निराळाच आहे. शूबर्टला शेवटच्या तिन्ही सोनाटा (डी ९५८, ९५९, ९६०) संगीतकार हुमेलला अर्पण करायच्या होत्या. १८३९ मध्ये डियाबेलीनं त्या छापल्या तोवर हुमेल वारला होता, म्हणून प्रकाशकानं परस्पर शुमनचं नाव घातलं.

मूळ मुद्द्याकडे. या चर्चेत दोन गोष्टींची गल्लत होतेय, लय आणि पुनरावृत्ती. मूव्हमेंटचा पहिला भाग, म्हणजे एक्स्पोझिशन, संपल्यावर तो पुन्हा वाजवायचं चिन्ह आहे. रिश्टर ते पाळतो, तो अशा बाबतीत काटेकोर होता. ब्रेंडेल गाळतो, आणि त्याची त्यानं उघडपणे कारणं दिली आहेत.

यात मेख अशी की पुनरावृत्तीकडे नेणारे नऊ बार शूबर्टनं वेगळे लिहिलेत आणि त्यांतलं संगीत सोनाटेत दुसरीकडे कुठंच येत नाही. अडखळत, तुटक तुटक काहीतरी येतं आणि मग तोच खालचा ट्रिल या एकाच ठिकाणी जोरात गरजतो. एरवी सगळीकडे तो दबक्या आवाजात असतो. पुनरावृत्ती गाळली की हे नऊ बार आयुष्यात ऐकूच येत नाहीत. ब्रेंडेलचं म्हणणं साधारण असं की हे बार बाकीच्या मूव्हमेंटशी फटकून आहेत आणि ट्रिलचं गूढ तिथं फुकट जातं, तेव्हा न वाजवलेलेच बरे. बऱ्याच जणांना हे पटलेलं नाही. मलाही नाही. संगीतकारानं लिहिलेले नऊ बार 'शोभत नाहीत' म्हणून वगळायचे, हा अधिकार वादकाला कुणी दिला?

वजाबाकी

तळटीप, धन्यवाद. हे नऊ बार मी खरंच कधी ऐकले नव्हते. म्हणजे रिश्टरकडे ऐकले असणार, पण तोवर माझं लक्ष घड्याळाकडे गेलेलं होतं.

नावाला जागून थोडं गणित केलं. मूव्हमेंट ३५७ बारांची, प्रत्येक बारात ४ मात्रा. पुनरावृत्ती केली की पहिल्या फेरीचे ११६ आणि ते नऊ मिळून १२५ बार वाढतात. एकूण ४८२ बार, १९२८ मात्रा. रिश्टरला साडेचोवीस मिनिटं धरली तर मिनिटाला सरासरी ७९ मात्रा. ब्रेंडेलचे फक्त ३५७ बार, १४२८ मात्रा, त्याला ढोबळ पंधरा मिनिटं धरली तर मिनिटाला ९५.

आता गंमत. दोघांत साडेनऊ मिनिटांचा फरक दिसतो. पण ब्रेंडेलनं त्याच्याच चालीनं पुनरावृत्ती घेतली असती तर त्याचीही सव्वापाच मिनिटं वाढली असती. म्हणजे रिश्टरचा खरा संथपणा चार-सव्वाचार मिनिटांचाच. माझी अर्ध्याहून जास्त तक्रार शूबर्टविरुद्ध निघाली!

उरलेली अर्धी कायम आहे.

झोपाळू घुबड

एक्स्पोझिशन दुसऱ्यांदा सुरू झालंय. मला वाटलं चुकून बटण दाबलं गेलं.

अर्धविराम

वजाबाकी, सरासरीवर जाऊ नका. सरासरीत रिश्टर सुटतो. सुरुवातीच्या धुनेत तो ७९ च्या बराच खाली असतो आणि पुढे एका मात्रेत तीन-तीन सूर आले, आवाज वाढला की चाल धरतो. तुमचा खोळंबा जिथं आहे तिथं तो गणितात दिसतो त्यापेक्षा जास्तच आहे.

मीनल_वाजवते

मी ही सोनाटा वाजवते. म्हणजे वाजवायचा प्रयत्न करते, गेली सहा वर्षं. तेव्हा वाजवणाऱ्याच्या बाजूनं थोडं.

लोकांना वाटतं संथ म्हणजे सोपं. उलट आहे. पियानोत हातोडी तारेवर आपटून मागे गेली की त्या सुराचं तुम्ही काहीही करू शकत नाही. व्हायोलिनवाल्याला गज आहे, गाणाऱ्याला श्वास आहे, आपल्याकडे फक्त विझत जाणारा सूर. पुढचा सूर नेमका किती हलका द्यायचा, तर मागचा जिथवर विझलाय तिथून तो उचलल्यासारखा वाटला पाहिजे. जोरात पडला तर धुनेला ठिगळ लागतं. लय जितकी संथ तितका मागचा सूर जास्त विझलेला, तितका हिशोब कठीण. पहिल्या धुनेत उजव्या हाताची करंगळी गाते आणि त्याच हाताची बाकीची बोटं तिच्या पोटात आतले सूर भरत असतात. ते आतले सूर म्हणजे या धुनेची चाल. ते सारखे राहिले तर संथ लयही पुढे सरकते, ते लडबडले की संपलं. रिश्टरचे आतले सूर ऐका. इतक्या संथपणे इतकं सारखं वाजवणं मला एकदाही जमलेलं नाही.

आता माझी फजिती. रिश्टरच्या भक्तीत असताना एका परीक्षेत त्याच्याच लयीत वाजवायला बसले. आठव्या बारचा ट्रिल झाला, फर्माटा आला, मी हात मांडीवर घेऊन डोळे मिटले. म्हटलं, शांतता बोलू दे. शांततेत एका परीक्षकांनी अतिशय प्रेमानं विचारलं, "पुढचं विसरलीस का गं?"

त्यानंतर मी ९० च्या खाली गेलेले नाही.

कुंदाकुसुम

मीनल, मला माझ्या कॉलरचं दुःख उरलं नाही.

डावा हात

मीनलताई, दंडवत. आतल्या सुरांचा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा आहे. अर्धविराम यांच्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे. धून संथ आहे पण थांबलेली नाही, कारण आत सतत काहीतरी चालू आहे. फर्माट्यात ते आतलं चालणं पहिल्यांदा बंद पडतं. म्हणून फरक कळतो.

पैलतीर

तुम्ही सगळे मूळ गोष्ट विसरताय. हा माणूस ३१ व्या वर्षी गेला. सोनाटा पुरी झाली २६ सप्टेंबर १८२८ ला आणि १९ नोव्हेंबरला शूबर्ट गेला. दोन महिनेसुद्धा नाहीत. त्याला मरण दिसत होतं. तो ट्रिल म्हणजे दारावरची थाप आहे, आणि रिश्टर ती तशी वाजवतो. मरणाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला कुणी चाल वाढवायला सांगतं का?

अर्धविराम

पैलतीर, याच गोष्टीचा मला सगळ्यांत राग येतो. आपल्याला तारीख माहीत आहे, त्याला नव्हती. तब्येत अनेक वर्षं खराब होती हे खरं, आणि त्या सप्टेंबरात तो भाऊ फर्डिनांडकडे राहायला गेला होता. पण ऑक्टोबरात हाच माणूस भावाबरोबर पायी आयझेनश्टाटला जाऊन संगीतकार हायडनच्या थडग्याचं दर्शन घेऊन आला. आणि ४ नोव्हेंबरला, म्हणजे जायच्या पंधरा दिवस आधी, सिमोन झेख्टरकडे काउंटरपॉइंटच्या (अनेक धुना एकत्र गुंफायच्या शास्त्राच्या) शिकवणीला गेला. मरणाची थाप ऐकलेला माणूस नव्या शिकवणीला नाव घालतो का?

वादकाला जर चरित्रातला शेवट आधीच ठाऊक असेल आणि तो पहिल्या बारपासून सुतकी चेहरा करून बसला तर शूबर्टनं लिहिलेला शेवटही त्याला खोटा पाडावा लागतो. चौथी मूव्हमेंट ऐका. एकटा जी (खालचा आणि वरचा एकत्र) ठणकन वाजतो, चुकीच्या दारातून कुणी डोकावावं तसा, आणि मग धून मिश्कीलपणे सुरू होते. पुनःपुन्हा तोच विनोद करतो तो. तिसरीच्या वर तर 'कोन देलिकातेत्सा' लिहिलंय, नाजूकपणे. मरणशय्येचं संगीत असं असतं?

तळटीप

अर्धविरामांना +१. शिवाय रिश्टर शेवटच्या दोन मूव्हमेंट मुळीच रेंगाळत वाजवत नाही. म्हणजे त्याच्याही डोक्यात सलग अंत्ययात्रा नव्हती. आणि ही लय त्यानं याच सोनाटेसाठी शोधली असंही नाही. शूबर्टच्या जी मेजर सोनाटेवर (डी ८९४) 'मोल्टो मोडेराटो ए कांताबिले' लिहिलंय, तिचीही पहिली मूव्हमेंट तो अशीच, किंबहुना जास्तच संथ घेतो. ती १८२६ ची. तेव्हा कुणी मरत नव्हतं.

माझ्या मते त्यानं 'मोल्टो मोडेराटो' चा अर्थच वेगळा लावला. मोडेराटो म्हणजे आवरून. मोल्टो मोडेराटो म्हणजे फार आवरून. 'मध्यम' हे वेगाचं माप न मानता 'आवर' ही वृत्ती मानली तर तुम्ही किती आवरता त्याला तळ नाही. शूबर्टनं इथं मेट्रोनोमचा आकडा (मिनिटाला किती मात्रा, तो) दिलेला नाही, म्हणून दोघंही आपापल्या जागी खरे.

पैलतीर

ठीक आहे, शिकवणीचं माहीत नव्हतं. पण ट्रिल ऐकताना अंगावर काटा येतो तो येतोच. त्याला तारखेची गरज नाही, हे मान्य.

मंद्र सप्तक

मला सगळ्या वादाची गंमत वाटते. आपल्याकडे विलंबित ख्यालात दोन मात्रांच्या मध्ये माणूस घर बांधून राहतो आणि कुणी तक्रार करत नाही. रिश्टर विलंबित गातोय असं समजा आणि ऐका.

मीनल_वाजवते

मंद्र, ही तुलना मलाही आधी मोहक वाटायची. पण विलंबितात दोन मात्रांमधली जागा गायक भरतो. तिथं आलाप आहे, मींड आहे, बढत आहे. जागा मोठी केली कारण तिच्यात काही मांडायचंय. इथं प्रत्येक सूर लिहून ठेवलेला. जागा मोठी केली तर तिच्यात नवं काही घालायची परवानगी नाही, तीच जागा फक्त रुंद होते. रिश्टरला त्या जागेत विझणारा सूर आणि ऐकणाऱ्याची सहनशक्ती यापलीकडे भांडवल नाही. म्हणून तर ते धाडस आहे.

मंद्र सप्तक

पटलं. तुलना मागे घेतो. ऐकायचं ते तसंच ऐकणार.

उलटा चष्मा

वजाबाकींना एक साक्षीदार देतो. कॅनडाचा पियानोवादक ग्लेन गूल्ड १९५७ मध्ये सोव्हिएत दौऱ्यावर असताना मॉस्कोत रिश्टरच्या कार्यक्रमाला गेला. नेमकी हीच सोनाटा. गूल्डला शूबर्टच्या त्याच त्या पुनरावृत्त्या सोसत नसत. रिश्टरनं धून सुरू केली तीही त्यानं कधी ऐकली नव्हती इतक्या संथपणे. आता रात्र मोठी आहे असं मनाशी म्हणून तो बसला. आणि नंतर त्यानंच सांगितलंय की पुढचा तासभर आपण संमोहन झाल्यासारखे बसलो होतो, शूबर्टबद्दलचे सगळे पूर्वग्रह गळून पडले. सगळं काटेकोर मोजलेलं आणि तरी आत्ता सुचल्यासारखं, असं काहीसं त्याचं म्हणणं होतं.

अर्धविराम

गूल्ड? साक्षीला? अहो, मोझार्टच्या ए मेजर सोनाटेची (के ३३१) पहिली धून त्यानं कशी वाजवलीय ती ऐका आधी. एकेक सूर चिमट्यानं उचलून टेबलावर मांडल्यासारखा. पुढचं प्रत्येक व्हेरिएशन (त्या धुनेचं बदललेलं रूप) मागच्यापेक्षा जलद करत न्यायचं अशी त्याची योजना, त्यापायी पाचव्यावर मोझार्टनं स्वच्छ अडाजिओ लिहिलंय तेही धुडकावलं. ज्याला मोझार्टच पटत नव्हता त्याला रिश्टर पटला, याचा आम्ही काय अर्थ घ्यायचा? (हघ्या)

उलटा चष्मा

घेतलं हलकेच. पण फरक बघा. गूल्ड मोझार्टशी भांडतो आणि ते लपवत नाही. रिश्टर म्हणतो मी फक्त लिहिलेलं वाजवतो, पुनरावृत्तीसकट. आणि तरी रिश्टरचंच वाजवणं जास्त विचित्र वाटतं. आज्ञाधारक माणूस हट्टी माणसापेक्षा लांब जाऊन पोचला.

डावा हात

हे वाक्य वाचनखूण म्हणून साठवलं.

सदू सुस्त

अवांतर: गूल्ड वाजवताना गुणगुणतो त्याला लय म्हणतात की तक्रार?

जुना पत्रा

एक बाजू राहिली, वाद्याची. शूबर्टच्या काळचा व्हिएन्नातला पियानो आजच्यासारखा नव्हता. लाकडी सांगाडा, हलक्या हातोड्या, त्यांच्यावर चामडं. सूर पटकन उमटतो आणि पटकन विझतो. त्यावर रिश्टरची लय धरली तर धुनेत भोकं पडतील. पियानोवादक आंद्राश शिफनं १८२० च्या सुमाराच्या ब्रॉडमान पियानोवर ही सोनाटा रेकॉर्ड केलीय, २०१५ मध्ये आली. ती ऐकल्यावर मला दोन गोष्टी लख्ख कळल्या. एक, लय वाद्यच ठरवतं. दुसरी, तो ट्रिल. जुन्या पियानोचे खालचे स्वर वेगळ्या रंगाचे असतात, किंचित खरखरीत, घशातल्यासारखे. तिथं ट्रिल परका वाटायला लय मंदावायची गरजच पडत नाही, तो जात्याच परका वाटतो. आजच्या पियानोत वरपासून खालपर्यंत एकच गुळगुळीत आवाज. तिथं परकेपणा आणायचा कसा? रिश्टरनं तो वेळ देऊन आणला. म्हणजे मला वाटतं तो शूबर्टचा वेग वाजवत नव्हता, शूबर्टचा परिणाम आजच्या वाद्यावर वसूल करत होता.

अर्धविराम

जुना पत्रा, धाग्यातला हा पहिला प्रतिसाद ज्यानं मला हलवलं. पूर्ण पटला असं नाही. पण आजच्या पियानोचे सूर लांबतात म्हणून संथ वाजवता येतं, आणि आजच्या पियानोचा ट्रिल गुळगुळीत म्हणून संथ वाजवावं लागतं, दोन्ही एकाच वाद्यामुळे. हे आधी सुचलं नव्हतं.

झोपाळू घुबड

पहिली मूव्हमेंट संपली. मध्ये डोळा लागला होता, कबूल. जाग आली ती त्या गरजणाऱ्या ट्रिलनं. तळटीप, ब्रेंडेलला म्हणावं, नऊ बार उपयोगाचे आहेत.

वजाबाकी

काल रात्री पुन्हा ऐकलं. नोटेशन बंद, घड्याळ दुसऱ्या खोलीत.

सुरुवातीला जैसे थे. फिरायला निघालेला माणूस थांबतोय, मी चडफडतोय. मीनलताईंनी सांगितलं म्हणून धून सोडून आतल्या सुरांवर कान ठेवला आणि तिथं खरंच एक सारखी हालचाल आहे, वरची धून तिच्यावर वाहत आल्यासारखी. हे ब्रेंडेलकडे कधी वेगळं ऐकू आलं नव्हतं, कारण वेगळं काढायला वेळच मिळत नाही. नऊ बार आले. तळटीप म्हणतात तसे अडखळतच आले, आणि तो ट्रिल गरजल्यावर धून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली ती तीच राहिलेली नव्हती. सूर तेच, पण आता तळघरात काय आहे ते आपण पाहिलेलं असतं. पुनरावृत्तीबद्दलची तक्रार मागे.

पण मला सगळ्यांत जास्त लागलं ते ठिकाण कुणीच सांगितलं नाही. डेव्हलपमेंटच्या, म्हणजे मधल्या भागाच्या, शेवटी, धून घरी परतायच्या आधी, सगळं खूप हळू होतं. धून डी मायनरमध्ये चाचपडते, बी फ्लॅटला हात लावून बघते, पुन्हा डी मायनर, आणि खाली तो ट्रिल परत परत येतो. वीसेक वर्षं ही सोनाटा ऐकतोय आणि इथं ट्रिल आहेत हे माझ्या लक्षात नव्हतं. घाईनं उठून ब्रेंडेल लावला. त्याच्याकडेही आहेत, अर्थात. मी ऐकले नव्हते.

डावा हात

मग शीर्षक बदलणार का?

वजाबाकी

नाही. एफ शार्प मायनरचा दुसरा विषय (दुसरी मुख्य धून) येतो तिथं मला तो अजूनही ओढूनताणून वाटतो. आणि दुसऱ्या मूव्हमेंटचा माझा प्रश्न तसाच आहे, त्याला कुणी हात लावलेला नाही.

मीनल_वाजवते

लावते. दुसरीत डावा हात तळापासून उडी मारून उजव्याच्या वर जातो, खाली येतो, पुन्हा वर, आणि सी शार्प तेवढा ठाम राहतो. तिथं आतली हालचाल नसतेच, नुसत्या उड्या आणि मध्ये रिकामं. पहिलीतल्या आतल्या सुरांवर कान बसला असेल तर दुसरी सुरू झाल्याबरोबर ते गेल्याचं जाणवतं. लयीनं नाही, त्या रिकामेपणानं ती वेगळी होते. आज दोन्ही लागोपाठ ऐका, मध्ये उठू नका.

वजाबाकी

आज इस्त्री आहे. उद्या ऐकतो.